खिडकीतला डबा

“आई, बूट!” सिग्ने ओरडली.

तूरिडने बूट काढले नाहीत. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून ती फाटकाशी गाडी थांबवायची, लेकीला उतरवायची आणि तशीच वळायची. लेक एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे. हाल्वोरच्या घरात पाऊल टाकायचं नाही, हा तिचा नेम होता. आज तो मोडून ती चिखल-बर्फासकट त्याच्या स्वयंपाकघरात उभी होती.

“बस ना. कॉफी टाकतो,” हाल्वोर म्हणाला.

“बसायला नाही आले. हे पोरीला जोडून दे.”

तिने पिशवीतून थोरल्या लेकाचा, एस्पेनचा गेम कन्सोल काढला. दोन पंजांत मावेल एवढासा, पाठीवर कोल्ह्याचं चित्र चिकटवलेलं. जानेवारीत पोलिसांनी लेकाचं सामान परत केलं, त्यात तो होता. सोबत थर्मास होता आणि बर्फात बसताना अंगाखाली घ्यायचं निळं आसन. एस्पेन याच घराखालच्या वळणावर सापडला होता. थंडीने गोठलेला, एकोणीस वर्षांचा.

ते आसन तूरिडच्या मनातून जात नव्हतं. बापाकडे निघालेला पोरगा आसन कशाला घेईल? याचं उत्तर तिने स्वतःच शोधलं होतं. बंद दाराच्या पायरीवर बसायला.

घर मोडलं तेव्हा तिने एस्पेनकडून शब्द घेतला होता, त्या माणसाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. तो बारा वर्षांचा होता. त्याने दिला. सिग्ने लहान म्हणून तिची वाटणी झाली. एस्पेन मात्र अख्खा आईचा राहिला. पण शेवटी बापाच्या ओढीने तो विरघळला असणार. त्याने दार वाजवलं असणार आणि ते उघडलं नसणार. रोज सकाळी थडग्यावर मेणबत्ती लावताना तूरिड हेच मनात घोळवायची. आज ती हाल्वोरला तोंडावर विचारणार होती. तो खोटं बोलतोय असं निघालं तर सिग्ने या घरी पुन्हा येणार नव्हती. वकिलाशी बोलणं झालं होतं.

हाल्वोरने कन्सोल टेबलावर ठेवला. बटण दाबताना त्याचा अंगठा त्या कोल्ह्यावरून दोनदा फिरला.

“वायफायचा डबा बघ कुठे ठेवलाय हिने,” काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला. “बैठकीच्या खोलीत होता. थंडी सुरू झाली तसा उचलून या खिडकीत आणला. हात लावू देत नाही. हिचा टीव्ही घराच्या त्या टोकाला, डबा या टोकाला. मी म्हटलं, बाई गं, तू सिग्नल पाठवतेस कुणाला? सरपणाला?”

सिग्ने हसली नाही.

“एस्पेन त्या दिवशी आला होता का?” तूरिडने विचारलं.

“फोनवर किती वेळा सांगितलं! वादळात फेरीबोट अडकली होती. माझी पाळी लांबली. मी आलो तेव्हा दारात कुणी नव्हतं. त्या दिवशीच कशाला, तो इथे कधीच आला नाही.”

कन्सोलचा पडदा उजळला. हाल्वोरने चष्मा चढवला.

“सिग्ने, पासवर्ड टाक. पहिलं अक्षर...”

पण कन्सोलने काही विचारलंच नाही. पडद्यावर एक गोल फिरला, थांबला आणि कोपऱ्यात तीन कमानी उमटल्या. जोडलं गेलं.

 हाल्वोरने तरीही ओट्यावर ठेवलेली कॉफी उतू गेली, ती कुणी पाहिली नाही.

“एकदा पासवर्ड सांगितल्याशिवाय हा कन्सोल कुठलंच घर ओळखत नाही,” तूरिड हळू म्हणाली. “माझ्या फोनचंही तसंच आहे. हाल्वोर, तो इथे येत होता.”

“देवाशपथ, या उंबरठ्याच्या आत तो...”

“देवाला मध्ये आणू नकोस. सिग्ने, जॅकेट घाल. चल.”

सिग्ने उलट खिडकीशी गेली आणि डब्याकडे पाठ करून उभी राहिली. कुणी तो उचलून नेईल तशी.

“बाबा खरं बोलतोय,” ती म्हणाली. “पासवर्ड मी दिला होता. एस्पेन म्हणाला, कुणाला सांगायचं नाही.”

“दिलास कुठे? कधी?” तूरिडने विचारलं.

सिग्नेने मागे न बघताच काचेवर बोट टेकवलं. बाहेर अंगणापलीकडे सरपणाची खोप होती. तीन बाजूंनी फळ्या, चौथी उघडी.

“वायफाय तिथपर्यंत पोचतं. बाबाची संध्याकाळची पाळी असली की मला एकटीला भीती वाटते. मग तो यायचा. मी टीव्हीवर, तो तिथे कन्सोलवर. गेममध्ये आमची एकच होडी होती. रस्त्यावर बाबाच्या गाडीचे दिवे दिसले की तो खाली निघून जायचा.” काचेवरचं बोट खाली रस्त्याकडे सरकलं. “त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत दिवे दिसतच नव्हते.”

हाल्वोरने चष्मा काढला. पुन्हा घातला. पुन्हा काढला.

“अगं, पण दार तर उघडंच असतं आपलं,” तो म्हणाला. “आत चूल पेटलेली. दहा पावलांवर. तू त्याला आत नाही बोलावलंस?”

“रोज बोलवायचे.”

“मग?”

सिग्नेने आईच्या बुटांकडे पाहिलं. बर्फ वितळून पाणी जमिनीच्या फळ्यांवर पसरत चाललं होतं.

“म्हणायचा, आत नाही येणार. आईला शब्द दिलाय.”