मोरपंखी

नव्या मोरपंखी साडीवरचा ब्लाऊजपीस शिंप्याकडे द्यायला उलगडला, तर मधोमध वीतभर चौकोन कापलेला. कडेनं घेतला असता तर मी कसंतरी निभावून नेलं असतं. रविवारी पुतणीचं लग्न होतं.

कात्री कोणी चालवली हे विचारायची गरजच नव्हती. निवृत्त झाल्यापासून ह्यांना एकच नाद आहे. जाड कागद आणायचे, दाभणानं शिवून वही बांधायची आणि तिच्यात चित्रं काढायची, तिकिटं, पानं, चिंध्या चिकटवायच्या. आर्ट जर्नल म्हणतात म्हणे त्याला.

"अहो, मधूनच का कापलात?"

"घडी केल्यावर तोच भाग वर होता," ते म्हणाले आणि त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

भांडायच्या तयारीनंच मी ती उघडली. डाव्या पानावर नुसते रंगाचे पट्टे होते. निळ्यात हिरवा, हिरव्यात निळा, कुठे थोडा जांभळा. प्रत्येक पट्ट्याखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, "हा नाही."

उजव्या पानावर मी होते. आमच्या गॅलरीत, उन्हात, नवी साडी नेसून. चेहरा, हात, कुंडीतली तुळस, सगळं रंगवलेलं. साडी आणि ब्लाऊज मात्र कापडाचे, नीट कापून चिकटवलेले.

मी वही मिटली आणि कपाटातून जुना सोनेरी ब्लाऊज काढून इस्त्रीला घेतला.

लग्नात धाकट्या जावेनं विचारलंच, "वहिनी, मॅचिंग नाही शिवलात?"

"आहे की," मी म्हटलं. "घरी वहीत घालून बसलेय."