आवाज उशिरा येतोय

"उशिरा येतोय," म्हणत हितेंद्रने हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं.

"काय उशिरा येतंय?" दुकानदार राजारामने विचारलं.

"हिचा आवाज. ही बाहेर टाळी वाजवते, ती ऐकू येते. 'आत्ता' म्हणते, ते मागाहून येतं. दुसरा दाखवा."

लालबागच्या उड्डाणपुलालगत राजारामचं हेल्मेटचं दुकान होतं. बाईकवर पुढेमागे बसलेल्यांना हेल्मेटातल्या हेल्मेटात बोलता यावं म्हणून लावायचे इंटरकॉमही तो ठेवायचा. लडाखला निघालेली पोरं यायची आणि आधी गाणी वाजवून बघायची. या गिऱ्हाइकाला गाण्यांशी काही देणंघेणं नव्हतं. किंमतसुद्धा त्याने अजून विचारली नव्हती.

फूटपाथवरून त्याची बायको सीमा आत आली.

"वहिनी, घसा बसलाय का?" राजारामने विचारलं.

"हो," ती म्हणाली. दिवाळीपासून तिचा आवाज घोगरा झाला होता. आज तर शब्द अर्ध्यातच फाटत होते.

"म्हणूनच आलोय," हितेंद्र म्हणाला. "तिला ओरडायला लागता कामा नये. हळू बोलली तरी मला कळलं पाहिजे."

दोघं परळच्या हॉस्पिटलातून थेट इथे आले होते. तिथली डॉक्टर शांतपणे, समजावून बोलली होती. "जे गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते किती टिकेल, मी नाही सांगू शकत." सीमाने ऑपरेशनचं विचारलं, तर डॉक्टरने नुसती मान हलवली. जिना उतरताना हितेंद्रने सीमाचा दंड असा धरला होता की अजून ठणकत होता.

दिवाळीपासून तो तिच्याशिवाय घराबाहेर पडत नव्हता. दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि लॅबला पोचवायचे, हे त्याचं काम. तेही तो तिला मागे बसवूनच करायचा. बीडीडी चाळीत शेजारच्या लतिकाकाकू सगळ्यांना सांगायच्या, "बायकोक क्षणभर नजरेआड करीत नाय गो. घोव व्हयो तर असो." नवऱ्याचं हे कौतुक ऐकून सीमा नुसती हसायची.

राजारामने दुसरा संच काढला. "हा घ्या. यात बटण दाबून धरायचं आणि बोलायचं."

"नको. बटण शोधेपर्यंत वेळ जातो. तोंड उघडलं की पोचलं पाहिजे."

"अहो भाऊ, मागे बसणाऱ्याचं एवढं काय अर्जंट असतं? चहाला थांबा म्हणायचं, ते दोन सेकंदांनी ऐकलं तर काय बिघडतं?"

हितेंद्रचा चेहरा पडला. सीमाने त्याचा हात धरला, "आलोच," असं राजारामला सांगितलं आणि त्याला बाहेर घेऊन आली.

"हितू, सोडून देऊ या हे. मला भीती वाटते."

"मग करायचं काय?"

"मी जाईन ना कुठेतरी कामाला. आपली दीपिका मोठी झालीय आता, घरचं बघेल."

"आणि मी? खोलीत बसून राहू? पंख्याची घरघर ऐकत? जमतंय तोवर करू, सीमे. तुझा आवाज माझ्या कानात आहे तोवर मला कसली भीती नाही. एवढं एक मागतोय. नाही म्हणू नकोस."

ती रडली. रस्त्यावरच्या माणसांना दिसू नये म्हणून तिने हेल्मेटची काच खाली ओढली.

ते परत आत गेले तेव्हा राजारामने तिसरा संच काढून ठेवला होता; तो त्याने दोघांच्या हेल्मेटांना लावला. मघाच्या बोलण्याचं त्याला वाईट वाटत असावं. त्याने कोपऱ्यातला मोठा पंखा ओढून हितेंद्रच्या तोंडासमोर लावला. "वाऱ्यातही बघून घ्या. वहिनी, तुम्ही बाहेर जाऊन बोला."

"काय बोलू?"

"काहीही. रस्त्यावर दिसेल ते."

हितेंद्र हेल्मेट घालून, रस्त्याकडे पाठ करून पंख्यासमोर उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले. बाहेरून सीमा हलक्या, फाटक्या आवाजात बोलू लागली. "हातगाडी चाललीय. मागे टेम्पो. एक बाई नारळ घेतेय. तिच्या पिशवीतून कोथिंबीर डोकावतेय. टाळी वाजवते हं. आत्ता!"

टाळी आणि शब्द एकत्रच आले.

हितेंद्र हसला. हॉस्पिटलातून निघाल्यापासून पहिल्यांदाच.

"हाच," तो म्हणाला. "हाच द्या."

राजारामने चार्जर बांधून दिला, वर माइकचा जादा स्पंजही टाकला. "एकच सांगतो भाऊ, बॅटरी रोज चार्ज करा."

"ते विसरणारच नाही. चल सीमे, अंधार पडायच्या आत दादरचे दोन दवाखाने उरकू."

राजाराम त्यांना सोडायला पायरीपर्यंत आला. इतक्या वर्षांत त्याने कितीतरी जोडपी पाहिली होती, हेल्मेटच्या रंगावरून भांडणारीसुद्धा. बायकोच्या आवाजासाठी असा जीव टाकणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. "वहिनी, नशीबवान आहात," तो म्हणाला.

सीमाने मान डोलावली.

बाईक फूटपाथला टेकून उभी होती. हितेंद्र पुढे बसला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून सीमा मागे चढली. त्याने किक मारली, इंजिन तापू दिलं आणि हेल्मेटातून विचारलं, "येतंय ना ऐकू?"

"येतंय."

"मग बोल."

सीमाने एकदा मागे पाहिलं, एकदा पुढे. घसा साफ केला.

"उजवीकडे बस आहे, जाऊ दे तिला. गेली. आता घे. सरळ. अजून सरळ." गाडीने वेग घेतला. "हळू, हितू. शाळा सुटलीय. मुलं रस्त्यात आलीत."

"कुठल्या बाजूने?" हितेंद्रने विचारलं.