टायमातला अर्ज

“नाव काय माणसाचं?” गफ्फारनं विचारलं. टाइपरायटरवर कागद त्यानं आधीच चढवला होता.

बुधरीनं पदर तोंडाशी नेला आणि समोरच्या कडुनिंबाकडे बघत राहिली.

गफ्फारला त्याचं नवल नव्हतं. तहसीलसमोरच्या पडवीत बसून लोकांचे अर्ज टाइप करण्यात त्याची एकोणीस वर्षं गेली होती. जंगलातल्या गावांच्या या बाया वाघाला काठीनं हाकलतील, पण नवऱ्याचं नाव काही त्यांच्या तोंडून निघायचं नाही. त्यावर त्याचा तोडगा ठरलेला होता. ‘अर्जदार बाईचा पती’ असं टाइप करायचं आणि पुढं सरकायचं.

तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची गॅसबत्ती चोरीला गेली होती. त्या संशयावरून बुधरीच्या नवऱ्याला पोलिसांनी उचललं होतं. ठाण्यात तिला कोणी आत सोडलं नव्हतं. मारतील का, एवढंच तिनं दोनदा विचारलं होतं.

“बरं, राहू दे ते. नेलं कधी?”

बुधरी अजून झाडाकडेच बघत होती. तिनं डोळे मिटले आणि कशीबशी म्हणाली, “इतवारीले नेलं, भाऊ.” एवढं बोलून ती घामाघूम झाली.

“किती वाजता?”

“दिवस कलता कलता.”

गफ्फार बसल्या जागी उडालाच. रविवार म्हणजे कालच; आज सोमवार. घड्याळात साडेतीन वाजत होते. म्हणजे चोवीस तास भरायला दीड तास बाकी!

आदल्या साली सुप्रीम कोर्टाचा हुकूम आला तेव्हापासून त्याची कलमं गफ्फारला तोंडपाठ होती. अटकेचा कागद करा, त्यावर तारीख-वेळ घाला, साक्षीदाराची सही घ्या, घरच्यांना कळवा, डॉक्टरला दाखवा. आणि चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढं उभं करा, हे तर त्याच्याही कितीतरी आधीचं. पण उपयोग काय? लोक यायचे ते आठ-आठ दिवसांनी, माणूस सुजून घरी परतल्यावर. गफ्फारचा अर्ज म्हणजे वरातीमागून घोडं. चहाच्या टपरीवर त्याला ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणून चिडवायचे. आज पहिल्यांदा कोणीतरी टायमात आलं होतं.

“घाबरू नको, बाई,” तो म्हणाला. “आता कायदा आपल्या बाजूनं हाय.”

त्याची बोटं अशी धावली की शेजारचा स्टॅम्पवाला उठून बघायला आला. ‘रविवारी सायंकाळी अंदाजे पाच वाजता’ हे शब्द त्यानं मुद्दाम दोनदा ठोकून ठळक केले. शेवटी बुधरीचा अंगठा घेतला, कागद वाळायची वाट न बघता उचलला आणि कोर्टाकडे पळत सुटला. पन्नाशीचा माणूस, एका पायातली चप्पल वाटेतच राहिली. मागून बुधरी ती हातात घेऊन धावत आली.

न्यायाधीशबाई नव्या होत्या. अर्ज त्यांनी उभ्याउभ्याच वाचला, घड्याळाकडे पाहिलं आणि शिपायाला हाक मारली. अर्जाची नक्कल ठाण्यावर न्या, या बाईच्या पतीला पाचच्या आत इथं हजर करा, अटकेचा कागदही सोबत आणा.

ठाणं हाकेच्या अंतरावर होतं. तरी वीस मिनिटं गेली, तीस गेली. गफ्फार व्हरांड्यात येरझारा घालत होता. बुधरी भिंतीला टेकून बसली होती आणि फाटकावरची नजर हलवत नव्हती.

पाचला दहा कमी असताना ठाणेदार आला. मागं दोन शिपाई आणि त्यांच्यामध्ये बुधरीचा नवरा. एक पाय ओढत होता, पण चालत होता. गफ्फारचा जीव भांड्यात पडला. निदान दुसऱ्या रात्रीतून तरी वाचला, असं त्याच्या मनात आलं.

आणखी एक गंमत. ठाणेदार चिडलेला नव्हता. उलट अदबीनं सॅल्यूट करून त्यानं अटकेचा कागद पुढं केला. न्यायाधीशबाईंनी तो मोठ्यानं वाचला, रविवार, सायंकाळी पाच वाजता. साक्षीदारांच्या सह्याही होत्या. गफ्फारच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खुद्द पोलिसांच्या कागदानं त्याचा अर्ज खरा ठरवला होता.

“चोवीस तासांच्या आत आणलंत. ठीक आहे,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. मग त्या आरोपीकडे वळल्या. “नाव सांग.”

“इतवारी.”

“वार नाही विचारला. नाव.”

“नावच हाय, साहेब. इतवारी.”

गफ्फारनं वळून बुधरीकडे पाहिलं. तिनं लाजून पदर पुढं ओढला. “तुमीच इचारलं होतं, भाऊ,” ती पुटपुटली. “कागदासाठी घेतलं नाव.”

सुप्रीम कोर्ट म्हणवून घेतो आणि साधं नाव ओळखता आलं नाही. आपल्याच हातानं आपण पोलिसांना तारीख पुरवली, हे कळून गफ्फारला तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

न्यायाधीशबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

“बाई, याला नेलं कोणत्या दिवशी?”

“बुधवारच्या बाजारातून, साहेब. साऱ्यायनं पाह्यलं.”

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि ठाणेदाराला शांतपणे विचारलं, “मग तुमच्या कागदावर रविवार कुठून आला?”

ठाणेदारानं गफ्फारकडे बोट दाखवलं. “यांच्या अर्जातच तसं लिहिलं होतं, मॅडम.”