दहावी सही

"मावशी, ही सही तुमची का?" प्रांतसाहेबांनी उमेदवारीचा अर्ज बायजाच्या पुढ्यात सरकवला.

सही तिचीच होती. 'बा'चा काना तिरका, 'य'चं पोट फुगलेलं. दुसऱ्या कुणाची असणार? पण खुर्चीच्या मागे पुंडलिक उभा होता आणि त्याच्या अत्तराचा वास थेट तिच्या नाकात शिरत होता.

पुंडलिक म्हणजे गावकीचा पंच, आणि आज इथे छाननीला सत्तेतल्या पक्षाच्या उमेदवाराचा माणूस. सकाळीच जीप घेऊन दारात हजर. गडबच्या खाली, खाडीकडच्या त्यांच्या गावापासून पेणच्या कचेरीपर्यंत गड्याने आवाज म्हणून चढवला नाही.

"काकी, हौसाची हळद परवा ना?" एवढंच विचारलं. मग बाहेर बघत म्हणाला, "गावकीनं मनावर घेतलं त घर वाळीत पडतं. मांडवात कोन येल? धवलारीन बी नाय येयाची. वराड अष्टमी गावावरनं येल आन् रिकामा मांडव बघून मागारी फिरल."

बायजाचा जीव उडाला. धवले गाऊन लग्न लावणारी बाईच आली नाही, तर आगऱ्याच्या घरात लग्न लागतं कधी? तीन ठिकाणांहून नकार आल्यावर लेकीचं, हौसाचं, हे जमलं होतं.

"तू कायच करू नको," पुंडलिक म्हणाला होता. "मला सही येत नाय, इतकंच सांग. अर्ज बाद होल, मिटलं. कुनाला काय होयाचं नाय."

टेबलाच्या पलीकडे चंद्रावतीबाई बसल्या होत्या. पोटनिवडणुकीला अपक्ष उभ्या. साक्षरतेच्या वर्गात बायजाचं बोट धरून तिला नाव लिहायला शिकवलं ते ह्याच बाईंनी. खाडीच्या बांधाची दुरुस्ती कागदावर तीनदा झाली आणि भातात खारं पाणी होतं तसंच राहिलं, तेव्हापासून बाईंनी एकच धरून ठेवलं होतं: सरकारी कामाचा प्रत्येक कागद गावात मोठ्याने वाचला पाहिजे, आणि ऐकणाऱ्याला साहेबाला जाब विचारता आला पाहिजे. हे विधानसभेत जाऊन मांडायचं म्हणून त्या उभ्या राहिल्या. अर्जाला दहा सूचक हवे होते. नऊ कसेबसे मिळाले. दहावी बायजा आपण होऊन पुढे झाली, "बाई, माजं नाव घाला." तेव्हा कुठे दडून बसलं होतं हे भ्या, देव जाणे!

"मावशी, बोला."

"नाय," बायजा म्हणाली. "मला सही येत नाय. आंगठा देते." आणि खरोखरच तिने अंगठा पुढे केला.

चंद्रावतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. बायजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी दोन शिव्या हासडल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

सुटले एकदाची, असं मनाशी म्हणत ती उठायला लागली. पण साहेब म्हणाले, "बसा." आणि कारकुनाकडे वळले. "लिहून घ्या. सूचक क्रमांक दहा यांनी सही नाकारली. सही बनावट दिसते. अर्ज बाद, आणि उमेदवाराविरुद्ध पोलिसांत तक्रार."

"पोलिसात?" बायजा म्हणाली. "कुनाला घालताव पोलिसात?"

"अहो, सही तुमची नाही म्हणजे कुणीतरी खोटी केली ना? अर्ज ह्या बाईंचा आहे. गुन्हा त्यांच्यावरच दाखल होणार."

बायजाने मान वळवून पुंडलिककडे पाहिलं. तो वर पंख्याकडे बघत होता. कुणाला काय व्हायचं नाही म्हणे! मेल्या, जीपमध्ये हे का नाही बोललास?

"साहेब," चंद्रावतीबाई पहिल्यांदाच बोलल्या. त्यांचा आवाज बसला होता. "तक्रार करायची ती करा. पण काकूंना आता जाऊ द्या. त्यांच्या घरी लग्न आहे, कामं पडली असतील."

कारकुनाचा पेन कागदावर चालला होता. बायजाला हौसा दिसली, हळदीला एकटीच बसलेली. मग बाई दिसल्या, पोलिसांच्या गाडीत चढताना. कुठलंच बघवेना. देवा, ह्या दोन्हींतलं एक मीच निवडायचं काय?

"थांबा वो," ती म्हणाली. "खोडा ते. सही माजीच हाय."

"काकी!" पुंडलिकचा आवाज आत्ता चढला. "परवाचं इसरलीस काय गो?"

"तुम्ही गप्प बसा," साहेब त्याला म्हणाले. मग बायजाकडे वळून त्यांनी चष्मा काढला. "मघाशी तुम्हीच नाही म्हणालात. खरं काय धरू मी?"

"ह्ये धरा. मघाशी खोटं बोलले."

"का?"

"भ्याले, साहेब."

साहेबांनी कोरा कागद तिच्यापुढे ठेवला, आपला पेन दिला. "तुम्हाला सही येते ना? मग करा बघू इथं, माझ्यासमोर."

बायजाने पेन धरला. टोक कागदावर टेकेना. पुंडलिकच्या चपला दाराकडे वाजल्या. तो फोन करायला निघाला होता, गावातच, दुसरीकडे कुठे?

साहेबांना दया आली असावी. "घाबरू नका, मावशी," ते म्हणाले. "घाई नाही. दमानं करा."

"दमानं नको, साहेब," बायजा म्हणाली आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. "दमानं केली त माजा धीर सुटल."