पायांवरचं दुपटं

वनमालामावशी मूळची मालवणकडची सुईण. दिंडोशीत आता ती फक्त बाळ-बाळंतिणींना तेल लावायला जायची. पण शेजारच्या प्रांजलला अवेळी कळा आल्या आणि रिक्षा मिळेपर्यंत बाळ मावशीच्याच हातात आलं. ते रडलंच नाही.

आज दहाव्या दिवशी मावशीने प्रांजलची पाठ चोळून दिली. प्रांजलच्या मांडीवर रिकामं दुपटं होतं.

"मावशी, आता याला पण चोळ ना."

"नको गो बाय." मावशीला हुंदका आवरेना.

"एकदाच गं."

तिचं मन मोडवेना, म्हणून मावशी पाय पसरून बसली. प्रांजलने दुपटं अलगद तिच्या पायांवर ठेवलं.

दुपट्यात काहीच नव्हतं. तरी मावशीच्या पायांवर तान्ह्याचं ऊबदार वजन टेकलं आणि तिचे हात आपसूक तेलाकडे गेले.