मशीनचा सूर

या, जरा जवळ सरकून बसा. कीर्तन उभं राहायला वेळ आहे अजून, तोवर चिमणाबाईच्या झोपेची गोष्ट सांगतो.

शिवाजी पेठेतल्या राजशेखरच्या मोबाईल-हेडफोनच्या दुकानात ती भरदुपारी आली आणि काउंटरचा आधार घेऊनच उभी राहिली. नवरा केरबा घरी ऑक्सिजनच्या मशीनवर. मशीनची घरघर रात्रंदिवस चालू, आणि चिमणाबाईचा डोळा शेवटचा कधी लागला ते पांडुरंगालाच ठाऊक. शेजारच्या आक्काला केरबापाशी बसवून ती आली होती.

“आवाज मारणारा हेडफोन दे बाबा. पर मालकांची हाक ऐकू याला पायजे.”

“मग ह्योच घ्या, काकी. एकसारखी घरघर गिळतोय. माणसाचं बोलणं काय पुरतं अडवत न्हाय. लोक ह्याला खोट म्हणत्यात.”

“माझी तीच सोय की रं.”

त्यानं हेडफोन तिच्या कानांवर बसवला, बटण दाबलं.

दुकानातल्या कूलरची घरघर पुसून गेली. चिमणाबाईचे खांदे सैल पडले, डोळे मिटले. आणि दुसऱ्याच क्षणी, “लाईट गेली!” म्हणत ती पिशवी उचलून पायरीकडे धावली. हेडफोन कानांवर तसाच.

“ओ काकी, कूलर चालूच हाय की!” राजशेखर मागून ओरडला. तेवढं मात्र तिला ऐकू आलं.

ती वळली. फिरत्या कूलरकडे बघत राहिली. मग हेडफोन काढून हळूच काउंटरवर ठेवला.

“न्हाय जमायचं. लाईट गेली की घरघर थांबती, तशी मी उठून सिलिंडर जोडते. ह्यो कानावर आसला तर थांबल्यालं कळंल कसं?”

“मशीनला अलार्म आसतोय की.”

“त्यो कवाच मुका झालाय.”

घरी आली तर केरबा वाटच बघत होता. “आणलंस?”

“न्हाय. तुमच्या मशीननं सूर धरलाय. सूर बंद करून कीर्तन ऐकत्यात व्हय?”

केरबाला हसता हसता धाप लागली. “कीर्तनात तर तू कायम झोपायचीस की गं!”

“मग झोपू द्या,” म्हणाली, आणि मशीनला पाठ टेकून तिथंच जमिनीवर बसली. घरघर पाठीत उतरत गेली. मान कलली.

तुमच्याकडं लाईट गेली, पंखा थांबला, की शिव्या द्यायच्या आधी एवढं करा. त्या घटकेला उठून बसलेल्या चिमणाबाईची आठवण काढा.