इंजिनाशेजारचा फोटो

"सर, आज तुम्हाला खोटं बोलायला लावतोय," तामलवाडीच्या फाट्यावर मोटारसायकल थांबवून अक्रम म्हणाला. "तो फोटो खऱ्या इंजिनाचा न्हाय."

शिवानंदसर मागच्या सीटवरून खालीच उतरले. धाराशिवहून एवढं ऊन अंगावर घेत आले ते कशासाठी मग? शाळेतली चित्रकलेची मास्तरकी संपल्यापासून या गृहस्थांना एकच वेड होतं. जुन्या छोट्या रेल्वेचे, जिनिंगचे, तेलगिरण्यांचे काळेपांढरे फोटो जमवायचे. आणि हट्टही एकच, संग्रहात बनावट काही नको. त्यापायी एका जुन्या मित्राशी त्यांनी बोलणं टाकलं होतं.

"म्हणजे रे काय?"

"उरसातल्या फोटोवाल्यानं काढलेला हाय. मागं इंजिन रंगवलेला पडदा, पुढं आमचे दादा, म्हंजी आजोबा चाँदपाशा. जिनिंगमधी हमाल होते, सर. रुईच्या गठाणी वाहायचे. पण दादी जन्मभर सांगत आली, इंजिनावर होते म्हणून."

"मग मला कशाला ओढतोस यात?"

अक्रमनं हेल्मेट काढलं. "परवा गावातला एक शहाणा तिला म्हणला, यात माणूस तेवढा खरा, मागं काहीच न्हाय. तवापासून दादी नीट जेवंना. मी म्हणलं, मोठा जाणकार आणतो, तो सांगंल. आईबाप गेल्यावर तिनंच वाढवलं मला. रेल्वेत लागलो ते तिच्या इंजिनाच्या गोष्टी ऐकून. तिचं एवढं राहू द्या, सर."

सर परत गाडीवर बसले.

अक्रमची दादी जमिलाबी दारातच वाट बघत होत्या. "या भाऊ, बसा. उन्हाचं आलात," म्हणत त्यांनी पाणी दिलं. मग रुमालात गुंडाळलेला फोटो दोन्ही हातांनी सरांपुढं धरला.

सरांनी भिंग लावलं. अरे देवा! धुराच्या मधोमध कापडाची घडी, आणि चाकं तर जमिनीपासून वीतभर वर. शाळकरी पोरानंही ओळखलं असतं. पुढं मात्र एक तरणाबांड गडी ऐटीत उभा होता, टोपी तिरकी, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"बोला की," जमिलाबी म्हणाल्या. "अस्सल हाय न्हवं?"

अक्रम खाली बघत होता. आयुष्यभराचा हट्ट गिळायचा म्हणजे काय खायचं काम आहे?

"अस्सल," सर म्हणाले. सुटलं एकदाचं तोंडातून. "असा फोटो माझ्याकडं एकही नाही, जमिलाबी. संग्रहाचं प्रदर्शन भरवीन त्यात पहिला हाच लावीन."

"अल्ला तुमचं भलं करो!" म्हातारीचे डोळे भरून आले. "लई उपकार झाले, भाऊ." मग चहा आला, खारी आली. दोन दिवस धड न जेवलेल्या जमिलाबींनी बशीत बुडवून तीन खाऱ्या संपवल्या. अक्रमनं सरांचा हात असा दाबला की त्यांची बोटं दुखली. आणि सरांना वाटलं, बरं झालं आपण आलो. फोटो जमवताना इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं.

अक्रम गाडी वळवून घ्यायला बाहेर गेला.

"भाऊ," जमिलाबी हळूच म्हणाल्या, "पोरानं खोटं बोलायला लावलं न्हवं तुमाला?"

सर चपापले. "नाही नाही, तसं काही..."

"असू द्या. माझ्यासाठी केलं त्यानं, जीव हाय त्याचा माझ्यावर. त्याला काय बोलू नका." त्यांनी पदरानं फोटो पुसला. "इंजिन रंगवलेलंच हाय, मला ठावं न्हाय व्हय? लगीन नवं होतं. आमच्यात तवा बायकांनी परक्या माणसाकडून फोटो काढून घ्यायचा न्हाय. ह्ये म्हणले, मग मीबी काढत न्हाय, चल घरी. तेवढ्यात वारं सुटलं, पडदा लागला उडायला. फोटोवाला वरडला, कुनीतरी मागनं धरा."

बाहेर अक्रमनं हॉर्न वाजवला.

"म्या धरला," जमिलाबी म्हणाल्या. "अन् त्यो शहाणा म्हणतो, मागं काहीच न्हाय. आमचा दोघांचा तेवढाच एक फोटो हाय, भाऊ."